भिंतीपलीकडचा ठोका

जिन्याच्या वळणावर एक भलामोठा पांढरा ड्रम अडकून बसला होता आणि त्याच्या खालून दोन बूट दिसत होते.

ती चार पायऱ्या खाली थांबली. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात पियानोची पुस्तकं, आणि वर तिच्या क्लासच्या दाराशी एव्हाना विद्यार्थिनी येऊन ताटकळत असणार. बूट हलेनात. ड्रमही हलेना.

“अहो बूट,” ती म्हणाली, “वर जायचंय की खाली?”

“मला वर जायचंय,” ड्रमच्या मागून आवाज आला. “याचं काय म्हणणं आहे ते अजून कळलं नाही.”

“जरा उजवीकडे सरकवा.”

“सरकवला.”

“ही डावी झाली.”

“माझी उजवी आहे हो. तुम्ही समोर आहात.”

तिने छत्री कठड्याला अडकवली आणि जिन्याकडे नीट पाहिलं. रुंदी, वळण, ड्रमचा घेर. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन ती पियानो शिकवत होती, यावर नातेवाइकांनी आजवर बरंच तोंडसुख घेतलं होतं. पण शिकलेलं असं कुठेतरी उपयोगी पडतंच.

“उभा नेताय म्हणून अडतोय. आडवा करा. थाळीसारखा. मी खालून धरते.”

ड्रम आडवा झाला, वळणातून लोण्यासारखा निघाला, आणि त्याच्या मागचा माणूस पहिल्यांदा दिसला. नाकावर धूळ, केसात कोळिष्टक, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू युक्ती त्याचीच होती.

“वरची कोपऱ्यातली खोली घेतलीय मी,” तो म्हणाला. “ड्रम शिकवतो. तुम्ही इथेच राहता?”

“नाही. शेजारच्या खोलीत शिकवते.”

“काय?”

“पियानो.”

त्याने ड्रमकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा ड्रमकडे, जणू त्याने आधी सांगायला हवं होतं.

“अरे बापरे,” तो हळूच म्हणाला.

“मला अगदी हेच म्हणायचं होतं.”

वर पोहोचल्यावर त्याने दोन खोल्यांमधल्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. भिंतीने पोकळ, निर्लज्ज आवाज दिला.

“एका विटेची असेल,” तो म्हणाला.

“तीही आडवी नाही, उभी लावलेली. मी खिळा ठोकला तेव्हा तो तुमच्या खोलीत निघाला. अजून आहे तिथे.”

त्याने आत डोकावून पाहिलं. खिळा होता.

“चालेल,” तो म्हणाला. “टोपी अडकवता येईल.”

इमारत चष्मेवाल्या काकांची होती. खाली त्यांचं दुकान, वर या दोन खोल्या. काकांना माणसाची नजर पारखता येत असे, कानांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. ती त्याच संध्याकाळी दुकानात गेली तेव्हा ते एका काचेवर फुंकर मारत होते, आणि तोही तिथेच, खोलीची किल्ली घ्यायला आलेला.

“काका, पियानोशेजारी ड्रम?”

“अगं, हा म्हणाला वाद्य शिकवतो. मला वाटलं बासरी असेल. मुलगा बारीक आहे ना.”

तो मुकाट्याने आपल्या बारीकपणाकडे बघत राहिला.

“माझ्या मेहुण्याची एक खोली आहे नदीपलीकडे,” काका म्हणाले. “सध्या भाडेकरू आहे. तो गेला की याला तिकडे हलवू. तोवर जुळवून घ्या दोघांनी. शहाणी मुलं आहात.”

“खोली मिळाली की मी निघालोच,” तो तिला म्हणाला. “शब्द देतो.”

“लवकर मिळो,” ती म्हणाली. आणि तेव्हा ते तिला अगदी मनापासून वाटत होतं.

त्यांनी वेळा वाटून घेतल्या. ती शिकवत असेल तेव्हा तो मोकळा, तो शिकवत असेल तेव्हा ती. बसलं गणित. फक्त गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता काही केल्या बसेना. तिच्याकडे शिकणाऱ्या डॉक्टरबाईंचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा, दवाखाना फक्त गुरुवारी लवकर सुटायचा, आणि त्याचे विद्यार्थी ड्रायव्हर आजोबा, निवृत्त बसचालक, बाकी सगळ्या संध्याकाळी नातीला सांभाळायचे. शेवटी गुरुवारी त्याने ड्रमवर रबरी चकत्या टाकायच्या आणि मोठ्या ड्रमच्या पोटात घोंगडी कोंबायची, असं ठरलं.

“म्हणजे आवाज येणारच नाही,” तो म्हणाला.

आवाज आला. पण निराळा. झांजांचा झणझणाट नाही, कडकडाट नाही… भिंतीपलीकडून फक्त एक मऊ धप्प. जणू शेजारी कुणाचं तरी काळीज शांतपणे चाललंय.

डॉक्टरबाई तेव्हा वॉल्ट्झ शिकत होत्या. तीन ठोक्यांची साधी चाल, पहिला ठोका जड, पुढचे दोन हलके. बोटं त्यांची फार सुंदर चालत, दिवसभर लोकांच्या तोंडात मिलिमीटरभर जागेत काम करणारी ती. पण प्रत्येक पट्टीवर त्या क्षणभर घुटमळत.

“चुकलं तर चुकू द्या,” ती सांगायची.

“सवय नाही हो. माझ्या कामात चूक झाली की माणूस किंचाळतो.”

“हा पियानो किंचाळत नाही.”

“म्हणून तर येते,” डॉक्टरबाई म्हणायच्या आणि पुन्हा घुटमळायच्या.

ती त्यांच्यासाठी ठोके देणारा मेट्रोनोम लावायची. पण त्या यंत्राची टकटक सुरू झाली की डॉक्टरबाईंचे खांदे कानापर्यंत चढायचे. एका गुरुवारी तिच्या लक्षात आलं की पलीकडचा धप्प तिहेरी आहे. एक जड, दोन हलके. आणि तो त्यांच्या वॉल्ट्झशी जवळजवळ जुळतोय.

तिने मेट्रोनोम बंद केला.

“भिंतीकडे कान द्या,” ती म्हणाली. “तिच्याबरोबर चाला.”

डॉक्टरबाईंचे खांदे हळूहळू खाली आले. त्या दिवशी वॉल्ट्झ पहिल्यांदा न अडखळता शेवटपर्यंत गेला. तिला भिंतीचे आभार मानावेसे वाटले. भिंतीचे मानता येत नाहीत, म्हणून ती पाठ संपल्यावर शेजारच्या दारात गेली.

“तुमचा ठोका चांगला आहे,” ती म्हणाली.

तो रबरी चकत्या गोळा करत होता. कान लाल झाले त्याचे. “आजोबांचा आहे,” तो म्हणाला. “मी फक्त… बरोबर चालतो.”

मग गुरुवारचा चहा सुरू झाला. सहाला दोन्ही पाठ संपायचे, पुढचे विद्यार्थी यायला थोडा वेळ असायचा. दोन दारांमधल्या खिडकीच्या कट्ट्यावर तिचा थर्मास आणि त्याचे दोन कप. एका कपाचा कान तुटलेला. तो कप नेहमी तो स्वतःकडे घ्यायचा, आणि हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून बोटांनी तुटका भाग झाकायचा. ते तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं.

“तुमचे विद्यार्थी थापा कशा मारतात?” त्याने एकदा विचारलं.

“सराव केला का विचारलं की ‘हो’ म्हणतात. पण हो किती लांबला ते बघायचं. होऽऽऽ म्हटलं की समजायचं, पियानोचं झाकणही उघडलेलं नाही. तुमचे?”

“माझे काठ्या विसरतात. आठवडाभर काठ्यांना हात लावलेला नसतो, म्हणजे त्या पिशवीतच असायला हव्यात की नाही? तरी घरी विसरतात. कशा, ते मला आजवर कळलेलं नाही.”

ती हसली. हे असं शिकवणं म्हणजे काय असतं ते त्याला सांगावं लागत नव्हतं. एक खोली, एक माणूस, शेजारी एक खुर्ची. समोरचा आठवडाभर कुठे कुठे फिरून येतो आणि तासभर तुमच्यासमोर हात उघडे ठेवतो. कोण घाबरट, कोण घाईचा, कोण घरी भांडून आलाय, सगळं हातात दिसतं. ती सुरुवातीला चुका शोधायची, प्रयोगशाळेत शोधायची तशी. आता ती हात बघायची. मनगट सैल झालं की तिला बरं वाटायचं, बाकी सूर काय, येतात मागून.

“मी आधी डावा हात धरतो,” तो म्हणाला. “उजवा शहाणा असतो, त्याला सगळं येतं असं वाटतं. डाव्याला कुणी विचारतच नाही. म्हणून सांगतो, आठवडाभर दार डाव्या हाताने उघडा, चमचा डाव्या हातात धरा, दात डाव्या हाताने घासा.”

ती चहाचा घोट घेता घेता थांबली. “दात?”

“का?”

“डॉक्टरबाई परवाच सांगत होत्या. त्यांचे एक वयस्क पेशंट आहेत, अचानक हिरडी सोलवटून येतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘सरांनी सांगितलंय.’ डॉक्टरबाई त्या सरांना शोधतायत.”

“तुम्ही सांगितलंत का त्यांना?”

“अजून नाही. विचार करतेय, बदल्यात काय मागावं.”

“काय हवंय?”

ती खिडकीबाहेर बघू लागली. खाली काकांच्या दुकानाची पाटी पावसाच्या शिंतोड्यात चकाकत होती. “बघू,” ती म्हणाली. “तो फुटका कप एकदा मला द्या.”

त्याची बोटं कपाभोवती घट्ट झाली. “तो नाही मिळायचा, मॅडम. तो राखीव आहे.”

घरी जेवताना आईने तिच्या ताटाकडे बोट केलं. “चमचा खाली ठेव. कधीची टकटक चाललीय. एक जोरात, दोन हळू.”

“वॉल्ट्झ आहे.”

“असेल. आणि आज जेवणात शेजारी किती वेळा आले, ते तरी लक्षात आहे का? शेजारी असं म्हणतात, शेजाऱ्यांनी तसं केलं. आपल्या शेजारी तर जोशात भांडणारं जोडपं राहतं, त्यांच्याबद्दल कधी एवढी माहिती मिळाली नाही.”

तिने मान खाली घालून भात संपवला. आई पुढे काही बोलली नाही. आयांना कुठे थांबायचं ते बरोबर कळतं, म्हणूनच त्यांचं बोलणं लागतं.

दिवस गेले. छत्र्या आत गेल्या, स्वेटर बाहेर आले. गुरुवारचा वॉल्ट्झ चालू होता, भिंतही चालू होती. आणि मग एका गुरुवारी डॉक्टरबाईंनी मधेच हात उचलले.

“एक विचारू? हा वॉल्ट्झ आहे, की आपण भूल उतरायची वाट बघतोय?”

“म्हणजे?”

“फार हळू चाललाय हो. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाईपर्यंत माझ्या मनात उद्याचे पेशंट येऊन जातात.”

तिने मेट्रोनोम काढला आणि पूर्वीच्या वेगावर लावला. ते यंत्र असं धावत सुटलं की दोघी बघतच राहिल्या. वॉल्ट्झ जवळजवळ अर्ध्या वेगावर आला होता. दर गुरुवारी थोडा थोडा, कुणाच्या ध्यानात येऊ नये इतका. इतक्या काटेकोर मुलीच्या नाकासमोर हे घडलं, याचा तिला राग आला. आणि राग आला की ती कारण शोधायची. कारण उघड होतं. भिंत.

ती तशीच शेजारी गेली. डॉक्टरबाईही मागोमाग आल्या.

“तुमचा ठोका मागे पडतोय,” ती म्हणाली.

तो चकित झाला. “माझा? मी तर तुमच्या मागे चालतोय.”

“माझ्या मागे?”

“आजोबा एका लयीत राहत नव्हते. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबायचे, स्टॉप आल्यासारखे. म्हणून मी त्यांना म्हटलं, पलीकडे पियानो चालू आहे, त्याच्याकडे कान द्या, त्याच्याबरोबर चला. त्या… मॅडमची लय पक्की आहे.”

“पण मी तर डॉक्टरबाईंना तुमच्या मागे चालायला सांगितलंय.”

फक्त भिंतीपलीकडे राहिलेला मेट्रोनोम एकटाच पळत होता.

डॉक्टरबाई घुटमळल्या की भिंत त्यांच्यासाठी थांबायची. भिंत थांबली की डॉक्टरबाई आणखी थांबायच्या. आजोबांचा स्टॉप आला की ती डॉक्टरबाईंना म्हणायची, ऐका, भिंत काय सांगतेय. असे महिने गेले.

ड्रायव्हर आजोबांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. “चौकात असं होतं,” ते म्हणाले. “दोन गाड्या समोरासमोर येतात. हा म्हणतो आधी तुम्ही. तो म्हणतो नाही नाही, आधी तुम्ही. दोघं सज्जन. आणि मागे रांग लागते.”

मग त्यांची नजर डॉक्टरबाईंवर गेली आणि त्यांनी पटकन तोंड मिटलं.

“बरोबर,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमच्या हिरड्यांचं नंतर बघते. आधी मला तुमच्या सरांशी बोलायचंय.”

त्या दिवशी चहाच्या वेळी दोघंही हसत होते, पण एकमेकांकडे न बघता.

“कॉलेजात एक प्रयोग ऐकला होता,” ती म्हणाली. “दोन लंबकाची घड्याळं एकाच भिंतीवर टांगली की काही वेळाने त्यांचे लंबक एका तालात हलू लागतात. भिंतीतून एकाचा बारीकसा धक्का दुसऱ्याला लागतो. इतका बारीक, की हात लावला तरी कळत नाही.”

“त्यात पुढाकार कोण घेतं?”

“कुणीच नाही. दोघं थोडं थोडं सरकतात.”

तो कपाच्या तुटक्या कानावरून अंगठा फिरवत राहिला. “घड्याळांचं ठीक आहे,” तो म्हणाला. “त्यांना काही बोलायचं नसतं…”

ती वाट बघू लागली. त्याच्या तोंडात पुढचं वाक्य आहे हे तिला दिसत होतं, विद्यार्थ्याच्या बोटात पुढचा सूर दिसतो तसं. तोही तिच्याकडे बघत होता. आणि जिन्यावर पावलं वाजली.

चष्मेवाले काका धापा टाकत वर आले. हातात किल्ली.

“घ्या. मेहुण्याचा भाडेकरू गेला. नदीपलीकडची खोली मोकळी झाली, पुढच्या गुरुवारपासून तुझी. चांगली ऐसपैस आहे, आणि शेजारी कुणी नाही, बडव किती बडवायचं ते.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “झालं ना तुझं काम? काका शब्द विसरत नाहीत.”

किल्ली कट्ट्यावर दोन कपांच्या मधे पडली. काका खाली गेले.

“मिळाली खोली,” तो म्हणाला.

“हो.”

“शब्द दिला होता मी तुम्हाला.”

“दिला होतात.”

“म्हणजे… जायला हवं. तुम्हाला शांतता मिळेल. अर्थात तुम्ही म्हणाल तसं.”

राहा, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण तिला वाटलं, ऐसपैस खोली आहे, शेजारी कुणी नाही, ड्रम शिकवणाऱ्याला आणखी काय हवं. त्याला जायचं असेल आणि भिडेपोटी आपण अडवलं तर?

“तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा,” ती म्हणाली.

“माझं काय, मी कुठेही… तुमची सोय महत्त्वाची.”

“माझी काही गैरसोय नाही.”

“नाही ना? मग बरं.”

प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा हळू येत होतं. त्याने किल्ली उचलली. तुटका कप त्या दिवशी कट्ट्यावरच राहिला. तिने तो धुतला आणि आपल्या खोलीत नेऊन पियानोवर ठेवला.

पुढच्या गुरुवारी पाच वाजता भिंत गप्प होती. जिन्यावरून सामान उतरवल्याचे आवाज तेवढे येत होते, झांजांचा एखादा चुकार झणका, ड्रायव्हर आजोबांचं “सावकाश, सावकाश.” तिने दोनदा दाराकडे पाहिलं आणि दोनदा पुस्तकाचं पान उगाच सरळ केलं.

डॉक्टरबाईंनी वॉल्ट्झ सुरू केला आणि चौथ्या सुराला थांबल्या.

“भिंत नाही आज.”

“भिंतीची वाट बघू नका,” ती म्हणाली. “पहिला ठोका तुमचा. जरा जोरात द्या. चुकला तरी चालेल, पण द्या. सगळेच एकमेकांकडे बघत बसले तर गाणं कुणी म्हणायचं? तुम्ही सुरू करा, ज्याला यायचंय तो येईल मागून…”

वाक्य संपता संपता तिचा आवाज बारीक झाला.

डॉक्टरबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. फार काळजीपूर्वक, एक्स-रे बघतात तसं.

“छान सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “आता जा.”

“कुठे?”

“मी माझ्या पेशंटांना सांगते, दुखतंय तोवर या. दुखायचं थांबल्यावर आलात तर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. जा तुम्ही. मी वाजवत बसते.”

ती दाराबाहेर आली. मागे वॉल्ट्झ सुरू झाला. आणि जिन्याच्या वळणावर, नेमक्या त्याच जागी, तो मोठा पांढरा ड्रम अडकून बसला होता. या वेळी ती वर होती आणि तो खाली. बूट दिसत नव्हते. ड्रमच्या कडेवर फक्त आठ बोटं दिसत होती.

“अहो बोटं,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच स्थिर आला. “वर जायचंय की खाली?”

बोटं निश्चल झाली. “ते…” ड्रममागून आवाज आला. “तुम्ही म्हणाल…”

“तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणू नका. परत तेच होईल. या वेळी मी मोजते.” तिने कठडा धरला. “एक. दोन. तीन.”

“चार?”

“वॉल्ट्झ आहे. चार नसतो.”

“हो की. मग तीननंतर काय?”

“पुन्हा एक. मोठा.” तिने श्वास घेतला. “जाऊ नका.”

ड्रम किंचित हलला. वर डॉक्टरबाई एका सुरावर चुकल्या आणि न थांबता पुढे गेल्या.

“तुम्ही पलीकडे नसलात तर माझा गुरुवार नुसता वार होऊन जाईल,” ती म्हणाली. एकदा सुरू झाल्यावर पुढचे ठोके हलके असतात, ते तिला माहीत होतं. “आणि फक्त गुरुवारच नाही. मला तुम्ही आवडता. हे शिकवण्याबद्दल नाही. शिकवणंही आवडतं, पण ते वेगळं. झालं, संपलं माझं.”

खालून त्याने विचारलं, “रविवारही धरायचा का यात?”

“रविवारी क्लास नसतो.”

“म्हणून तर विचारतोय.”

ती हसली, आणि हसताना कठडा सोडून जिन्यावरच बसली. ड्रमवरून त्याचे डोळे तेवढे वर आले. केसात पुन्हा कोळिष्टक होतं.

“एक सांगा,” ती म्हणाली. “आडवा केला की निघतो, हे माहीत होतं ना तुम्हाला?”

“होतं.”

“मग अडकला कसा?”

त्याच्याआधी त्याचे कान बोलले, लालभडक.

“अडकला नाही,” तो म्हणाला. “अडकवला. वरती वॉल्ट्झ सुरू व्हायच्या आधीपासून उभा आहे इथे. म्हटलं, कुणी बाहेर आलंच तर…”

“आणि नसतं आलं तर?”

“आजोबा म्हणाले, तासभर तरी थांबू. त्यांना स्टॉपवर थांबायची सवय आहे.”

खालच्या पायरीवर झांजा काखेत धरून बसलेल्या ड्रायव्हर आजोबांनी हात वर करून दुजोरा दिला. दुकानाच्या दारातून चष्मेवाल्या काकांनी डोकं बाहेर काढलं.

“अरे, जिना का तुंबलाय? आणि हे वर निघालंय की खाली?”

“वर,” दोघं एकदम म्हणाले.

“वर? मग मेहुण्याला मी काय सांगू?”

“सांगा, गाडी वळवली,” आजोबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकत उठले.

तिने वरून धरलं, त्याने खालून. ड्रम आडवा झाला, थाळीसारखा, आणि वळणातून सुटला. वर पोहोचल्यावर दोघांनी तो खाली ठेवला तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या मधे काही नव्हतं, ड्रम नव्हता, भिंत नव्हती. त्याने तिच्या बाहीला लागलेली धूळ झटकली. धूळ गेली तरी झटकत राहिला.

“तो कप माझ्याकडे आहे,” ती म्हणाली.

“तो राखीव आहे, सांगितलं होतं मी.”

“हो. आता माझ्यासाठी. आणि हे ‘तुम्ही’ पुरे झालं.”

“तू म्हणशील तसं,” तो म्हणाला, आणि तिने डोळे वटारताच घाईघाईने सुधारलं, “म्हणजे मलाही हेच हवंय. केव्हाचं.”

पुढच्या गुरुवारी पाच वाजता डॉक्टरबाई पियानोवर बसल्या. पलीकडे घोंगडी ड्रमच्या पोटात गेली, आजोबांनी काठ्या उचलल्या. दात मात्र ते आता उजव्या हातानेच घासत होते, डॉक्टरबाईंनी तशी तंबीच दिली होती. मोजायचं कुणी, ते ठरलं होतं. एक आठवडा तिने, एक आठवडा त्याने.

आज तिची पाळी होती. ती भिंतीपाशी गेली. भिंतीच्या त्या बाजूला खिळ्याला टोपी टांगलेली असणार आणि टोपीशेजारी तो कान लावून उभा असणार, हे तिला न बघताही ठाऊक होतं. तिने बोटाच्या पेराने तीनदा वाजवलं.

टक, टक, टक.

पलीकडून पहिला ठोका आला. मोठा, आणि जरासा घाईत.

चूक होती. तिने ती दुरुस्त केली नाही.